गच्चीवरचे विमान, धुळ्याची धावपट्टी

कन्नी चुकलेला पतंग वर चढतो, थबकतो आणि गोता खातो, हे उत्तरायणात सुरतेच्या पोराटोरांनाही ठाऊक असते. हलक्या विमानाचा घातही पुष्कळदा असाच होतो. नाक वर राहिले, वेग घटला की पंखांवरची हवा सुटते. उंची थोडी असेल तर सावरायला अवधी मिळत नाही. जर्मनीचा ओटो लिलिएन्थाल ९ ऑगस्ट १८९६ रोजी आपल्या ग्लायडरसह असाच कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

त्याच्या आदल्या वर्षी गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले, ही कथा आपल्या घरोघरी सांगतात. मलाही ती प्रिय आहे. पण तिला निर्विवाद समकालीन पुरावा नाही. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथातील विमाने उडूच शकणार नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली दाखवून दिले. अभिमानालाही नोंद लागते.

तशी नोंद मिळवली कॅप्टन अमोल यादव यांनी. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. उड्डाणाचा परवाना मिळाला २०१९ मध्ये. आणि चाचणी-उड्डाणे झाली २०२० मध्ये, आपल्या खानदेशातील धुळ्याच्या धावपट्टीवर!

वाचकहो, नोंदणीवाचून विमान उडवू नये, हा दंडक १९३७ च्या विमान नियमांतला. एखाद्या माळावरून गुपचूप उड्डाण करण्याचा मोह कुणालाही व्हावा. पण पडणारे विमान एकट्या वैमानिकावर पडत नाही. खाली कुणाचे शेत असते, कुणाचे घर. म्हणून परवाना हा निव्वळ बाबूगिरीचा कागद नव्हे. आधी पडलेल्यांच्या अनुभवाचे ते सार आहे. मात्र बांधून तयार असलेले यंत्र वर्षानुवर्षे खोळंबले, तर सरकारही चोरट्या उड्डाणाला आमंत्रणच देते.

उधना-लिंबायतच्या मागांवर खानदेशची कितीतरी पोरे यंत्राच्या नुसत्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखतात. त्यांतल्या एखाद्याने उद्या पंख बांधायला घेतले, तर त्याला टाळ्यांआधी हवा एक जाणता तपासनीस, मोकळी धावपट्टी आणि वेळेवर उत्तर.