आवरणे दिसली, पाणी निसटले

मेंदूभोवतीची आवरणे आणि त्या आवरणांमध्ये साठलेला द्रव ही शरीरात एकमेकांना खेटून असली, तरी शरीररचनाशास्त्राला त्यांची ओळख पटण्यात सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर पडले. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास अलेक्झांड्रियात मानवी प्रेतांचे विच्छेदन करणाऱ्या हेरोफिलसला ही आवरणे माहीत होती. द्रवाचे नीट वर्णन मात्र १७६४ साली नेपल्समध्ये छापले गेले. या दिरंगाईचे खापर केवळ साधनांच्या अभावावर फोडता येत नाही, कारण हा द्रव पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. तो दिसला नाही याचे मोठे कारण प्रेत उघडण्याच्या रूढ पद्धतीत होते.

आवरणे एकूण तीन आहेत. कवटीला आतून चिकटलेले, कातड्यासारखे जाड आणि चिवट असे बाहेरचे आवरण म्हणजे दृढतानिका. तिच्या आत रक्तवाहिन्या नसलेली, कोळ्याच्या जाळ्यासारखी तलम जालतानिका. आणि सर्वांत आत, मेंदूच्या प्रत्येक घडीत उतरून त्याला चिकटलेली मृदुतानिका. यांपैकी शेवटच्या दोहोंमधील पोकळीत मस्तिष्क-मेरुद्रव असतो आणि तो मेंदूपासून पाठीच्या कण्यात खालपर्यंत पसरलेला असतो. मराठी परिभाषेने ही नावे आवरणांच्या गुणांवरून घडवली. लॅटिन नावांत मात्र एक आई दडलेली आहे. दहाव्या शतकातील इराणी वैद्य अली इब्न अब्बास अल-मजूसी याने आपल्या अरबी ग्रंथात या आवरणांना ‘उम्म’, म्हणजे माता, असे संबोधले होते, कारण वस्तूंमधील नाते दाखवण्यासाठी असे आप्तवाचक शब्द वापरण्याची अरबीत रीत होती. ११२७ साली अँटिओकच्या स्टीफनने त्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले, तेव्हा कठोर माता ‘ड्युरा मॅटर’ झाली आणि पातळ माता, एका शब्दाच्या निवडीमुळे, ‘पाया मॅटर’ म्हणजे जवळजवळ धर्मशील माता होऊन बसली. मधले आवरण इतके तलम की, त्याला स्वतंत्र ओळख मिळायला सतराव्या शतकातील अ‍ॅमस्टरडॅमचा गेरार्ड ब्लासियस यावा लागला. कदाचित त्यामुळेच त्याच्या मूळ नावात आई नव्हती, कोळी होता.

द्रवाची गोष्ट निराळी. इसवी सनापूर्वी १६००च्या सुमारास उतरवून घेतलेल्या, आज एडविन स्मिथ याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इजिप्शियन पपायरसात कवटी फुटलेल्या जखमीचे वर्णन करताना मेंदूवरील आवरणाचा आणि आतल्या द्रवाचा उल्लेख आढळतो. तो वैद्य जिवंत माणसाची जखम पाहत होता, हे येथे महत्त्वाचे आहे. पुढे ज्ञान प्रेतांवरून मिळू लागले आणि तेथे पाणी निसटले. सुश्रुतसंहितेत सांगितलेली पद्धत, म्हणजे प्रेत गवताने वेढून, पिंजऱ्यात ठेवून सात रात्री वाहत्या पाण्यात कुजवायचे आणि मग कुंचल्याने हळूहळू एकेक थर घासून काढायचा, ही थरांच्या अभ्यासाला उत्तम असली, तरी शरीरातील द्रव तीत टिकणे शक्य नव्हते. युरोपात दुसऱ्या शतकातील गेलेनचा शब्द प्रमाण मानला जात असे आणि त्याच्या मते मेंदूतील पोकळ्यांत चैतन्य वाहून नेणारा एक सूक्ष्म वायू भरलेला होता. सोळाव्या शतकात या पोकळ्यांत पाणी पाहणारे शरीरशास्त्रज्ञ निघाले खरे. पण जिवंतपणी तेथे वाफ असते आणि मृत्यूनंतर ती थंड होऊन तिचे पाणी होते, असे स्पष्टीकरण तयार असल्याने डोळ्यांसमोरचा पुरावाही सहज बाजूला सारता आला.

दोमेनिको कोतुन्यो हा नेपल्समधील तरुण वैद्य खरे तर सायटिकेचा, म्हणजे आयुर्वेदात गृध्रसी म्हटल्या जाणाऱ्या दुखण्याचा, शोध घेत होता आणि मांडीत उतरणाऱ्या मज्जातंतूच्या आवरणात द्रव साचल्याने ही कळ येते, अशी त्याची धारणा होती. ही धारणा टिकली नाही, पण द्रव येतो कोठून, हे पाहण्याच्या नादात त्याने विच्छेदनाचा क्रमच उलटा केला. त्या काळी प्रेत आडवे ठेवून आधी मान कापून डोके वेगळे करण्याचा प्रघात होता. मान कापताच आवरणाची नळी छेदली जाई, आतला सगळा द्रव टेबलावर सांडून रक्तात मिसळून जाई आणि रिकाम्या जागेत हवा शिरल्यामुळे ती जागा मुळातच रिकामी होती, असा समज होई. कोतुन्योने या पद्धतीला सरळ दोष दिला. त्याने प्रेत उभे ठेवले, डोक्याला हात न लावता कमरेचे मणके उघडले आणि तेथील आवरणाला छेद दिला, तेव्हा स्वच्छ पाणी वाहू लागले. सुमारे वीस प्रौढ प्रेतांवर हा प्रयोग करून प्रत्येक वेळी चार-पाच औंस द्रव मिळत असल्याचे त्याने नोंदवले. हे माप आजच्या हिशेबाने सुमारे १२० ते १५० मिलिलिटर भरते आणि प्रौढ माणसात हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो, असे आजची पुस्तके सांगतात.

एवढे होऊनही पुढची साठ वर्षे या निरीक्षणाकडे फारसे कोणी वळले नाही. १८२५ पासून फ्रान्स्वा माजेंदीने जिवंत प्राण्यांवर प्रयोग करून हा द्रव जिवंतपणीही असतो हे दाखवले आणि १८४२च्या ग्रंथात त्याचे नाव रूढ केले. १८७५-७६ मध्ये स्वीडनच्या केय आणि रेट्झियस यांनी प्रेतांत रंगीत जिलेटिन भरून त्याच्या वाटा आखल्या. १८९१ साली कील येथील हाइनरिश क्विंके याने मेंदूत पाणी साठलेल्या मुलांच्या कवटीतील दाब कमी करण्यासाठी कमरेच्या मणक्यांमधून सुई घातली. प्रौढांत मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, आवरणाची पिशवी मात्र त्याखाली बरीच उतरते आणि तिच्यात केवळ द्रवात तरंगणारे, सुई लागताच बाजूला सरकणारे मज्जातंतू असतात. म्हणून ती जागा सुरक्षित. रुग्णाला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून केल्या जाणाऱ्या ज्या तपासणीला आपल्याकडे ‘पाठीतले पाणी काढणे’ म्हणतात, ती हीच.

त्याच कीलमध्ये ऑगस्ट १८९८ मध्ये ऑगुस्ट बीअर याने या वाटेने कोकेन सोडून कमरेखालचा भाग बधिर करण्याचे प्रयोग केले आणि स्वतःवरही सुई घालून घेतली. पण पिचकारी सुईला नीट बसेना आणि त्या खटाटोपात बराच द्रव वाहून गेला. पुढचे नऊ दिवस त्याचे डोके दुखत राहिले. ही डोकेदुखी उभे राहिले की उसळे आणि आडवे पडले की थांबे. हवेत सुमारे १,४०० ग्रॅम भरणारा मेंदू या द्रवात तरंगताना जेमतेम ५० ग्रॅमचा भार देतो. द्रव ओसरला की उभ्या माणसाचा मेंदू खाली ओढला जातो आणि आवरणे ताणली जातात. आपली डोकेदुखी द्रव वाहून गेल्यानेच झाली असावी, असा तर्क बीअरने केला.