अरेषीय आंदोलकांची समाकलनीयता

अरेषीय आंदोलकांची समाकलनीयता : ज्या आंदोलकावरील प्रेरणा विस्थापनाच्या सम प्रमाणात नसते, त्याच्या गतीचे अवकल समीकरण ज्ञात फलनांत किंवा पुरेशा अक्षय राशींच्या आधारे पूर्णपणे सुटणे. समीकरणाचा तोंडवळा पाहून हा गुण ओळखता येत नाही. पुष्कळदा एका गुणांकावर सारे ठरते.

मोठ्या झोक्याचा लंबक हे परिचित उदाहरण. घर्षण नसेल तर त्याची ऊर्जा अक्षय राहते. एका मितीतील गतीला तेवढी एक राशी पुरते, आणि उत्तर याकोबी यांच्या विवृत्तीय फलनांत मिळते. विस्थापनाचा घन असलेल्या डफिंग समीकरणाचेही तसेच. गेओर्ग डफिंग यांचा त्यावरील ग्रंथ १९१८ चा.

रोध आला की अडचण सुरू होते. क्ष″ + ग क्ष′ + अ क्ष + ब क्ष³ = ० यात क्ष हे विस्थापन व ग हा रोधाचा गुणांक. ग आणि अ यांच्या सर्वसाधारण मूल्यांना असे उत्तर हाती लागत नाही. मात्र अ = २ग²/९ असेल, तर ग/३ या दराने क्षीण होणारा घातांकीय गुणक क्ष मधून बाहेर काढावा आणि काळाच्या जागी त्यालाच चल मानावे. रोधाचे व रेषीय पद दोन्ही गळून पडतात. उरलेले घनाचे समीकरण विवृत्तीय फलनांनी सुटते.

असे गुणांक हुडकण्याची वाट सोफिया कोवालेव्हस्काया यांनी दाखवली. भोवऱ्याच्या गतीचा विचार करताना त्यांनी काळ ही सदसत् संख्या मानली आणि उत्तर कोठे, कशा रीतीने अनंत होते ते तपासले. या कामाला १८८८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे बोर्दँ पारितोषिक मिळाले. पुढे पॉल पँलव्हे आणि त्यांच्या अनुयायांनी दुसऱ्या कोटीच्या समीकरणांच्या एका मोठ्या वर्गाला याच जातीची कसोटी लावली. ५० प्रकार उरले. त्यांपैकी सहांसाठी नवी फलनेच स्वीकारावी लागली.

क्ष″ + क क्ष क्ष′ + (क²/९) क्ष³ + ल क्ष = ० हे समीकरण या विषयातले सर्वांत देखणे म्हणावे लागेल. तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठातील व्ही. के. चंद्रशेखर, एम. सेंथिलवेलन आणि एम. लक्ष्मणन यांनी २००५ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसरे पद रोधासारखे दिसते. पण क धन असता ते क्ष धन असताना ऊर्जा घेते आणि क्ष ऋण झाला की तेवढीच परत करते. क्ष = ३उ′/(क उ) असे मांडले की उरते उ‴ + ल उ′ = ०, म्हणजे निव्वळ रेषीय समीकरण! ९ च्या जागी दुसरी संख्या असती तर ही मांडणी लागू पडली नसती. ल धन असता मर्यादित आंदोलनांचा आवर्तकाल केवळ ल वर ठरतो, परमप्रसर कितीही असो. लंबकात हाच गुण आणण्यासाठी हायगेन्झ यांना गोलक चक्रजाच्या वाटेने न्यावा लागला होता. त्याची सिद्धता त्यांनी १६७३ च्या ग्रंथात दिली.

पी. एम. मॅथ्यूज व लक्ष्मणन यांचा १९७४ चा आंदोलक नेमका उलट स्वभावाचा आहे : (१ + ल क्ष²) क्ष″ − ल क्ष (क्ष′)² + म क्ष = ०. ल व म धन असता त्याची गती शुद्ध ज्या-फलनाची, पण परमप्रसर वाढला की कंप्रता घटते.