साका नसलेला आंबा

डोंबिवली काय, कल्याण काय नि ठाणं काय, एप्रिल-मे मध्ये घरोघर एक प्रसंग हमखास घडतो. पेटीतला सगळ्यात देखणा हापूस कापावा, तर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. "साका लागलाय!" मग आंबेवाल्याचा उद्धार. पण त्या बिचाऱ्याला तरी काय कळणार? साका बाहेरून दिसतच नाही.

या साक्याबद्दल वाचायला बसले आणि आंब्यात आयुष्य घालवलेल्या माणसांच्या गोष्टीत अडकले. साक्याची पहिली शास्त्रीय नोंद चांगली जुनी आहे. १९३२ आणि १९३३ साली मुंबई इलाख्यातून हापूस बोटीने युरोपला पाठवून पाहिला गेला. त्याचा अहवाल चीमा आणि दाणी यांनी १९३४ मध्ये लिहिला, त्यात हा दोष आला आहे. म्हणजे साहेबाच्या देशातही आपली फजिती झालीच होती!

पुढची गोष्ट वेंगुर्ल्याची. सिंधुदुर्गातलं तिथलं फळ संशोधन केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. विद्यापीठ १९७२ चं. या केंद्राच्या आंब्यावरच्या कामात एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं, डॉ. आर. टी. गुंजाटे. एखाद्याचे शोधनिबंध तारखांनी लावून वाचले की कारकीर्द आपोआप उलगडते. १९७७ मध्ये लिमयांबरोबर कोय कलमावर लेखन. १९७९ मध्ये साका आणि फळातल्या कॅल्शियमचा संबंध. १९८१ साली वेंगुर्ल्याची 'रत्ना' जात आली, तिच्यावर साळवींबरोबर लेख. मग बुरोंडकरांबरोबर कल्टारचे प्रयोग, आणि १९९२ ची 'सिंधू'.

रत्ना म्हणजे नीलम आणि हापूस यांचा संकर. फळ हापूसपेक्षा थोडं मोठं, गराला रेषा नाही, झाड दरवर्षी धरतं (हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो), आणि मुख्य म्हणजे साका नाही! रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून सिंधू आली. तिची कोय नावापुरती, अगदी पातळ. गंमत अशी की २००० नंतर बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी साक्याचं मूळ कोयीतच दाखवलं. फळ झाडावर असतानाच आतलं बी रुजायच्या तयारीला लागतं आणि गरातलं पाणी नि अन्न ओढून घेतं.

कोय कलमाचं महत्त्व मात्र मला आधी माहीतच नव्हतं. पूर्वी भेट कलम करत. कुंडीतलं रोप आईझाडाच्या फांदीशी बांधायचं आणि दोन-तीन महिने थांबायचं. एका झाडापासून अशी कितीशी कलमं होणार? कोय कलमात पावसाळ्यात नुकत्याच रुजलेल्या, तांबूस कोवळ्या रोपावरच हापूसची काडी बांधतात. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली, तेव्हा लाखांनी कलमं लागली. ती पुरवता आली ती अशा सोप्या पद्धतींमुळे. मुरबाड-शहापूरकडे जाताना डोंगरउतारावर आंब्याच्या रांगा दिसतात ना, त्यांच्यामागे ही सगळी खटपट आहे.

कल्टारचंही तसंच. झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला तीन मिली या हिशेबाने पावसाळ्यात मुळांशी द्यायचं, म्हणजे नुसती पालवी वाढायची थांबते आणि झाड दरवर्षी, जरा लवकर मोहरतं. कोकणात हे घरोघर गेलं, इतकं की काही जण खताकडे दुर्लक्ष करून नुसतं कल्टार ओततात आणि झाडं थकतात. विद्यापीठाने सांगितलेला 'चौदा आणे' तयार आंबा, देठासकट फळ उतरवणारा 'नूतन झेला', बुंध्याभोवती गवताचं आच्छादन, हेही बागायतदारांपर्यंत पोचलं. चौदा आणे हा शब्द तर बागेतलाच, शास्त्रज्ञांनी तो उचलला. शेतकऱ्याशी बोलायचं तर टक्के बाजूला ठेवावे लागतात!

आणि रत्ना? कोकणातल्या बागांत आहे, रोपवाटिकांत कलमं मिळतात. पण आपल्या बाजारात रत्नाची पेटी मागणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही. आपल्याला हवा हापूस, तोही देवगडचा की रत्नागिरीचा यावर वाद घालून. मग बागायतदाराने रत्ना कशाला लावावा? जे ज्ञान हापूसला हापूसच ठेवून कामाला आलं, ते त्याने हातोहात उचललं. जे हापूसची जागा घेऊ पाहत होतं, ते बांधावर राहिलं. यात बागायतदाराचा दोष नाही, तो आपल्या जिभेकडे पाहून झाडं लावतो.

एक संकर सिद्ध व्हायला किती वर्षं जातात याचा विचार करा. कोय लावायची, झाड मोठं व्हायची वाट पाहायची, फळ यायची वाट पाहायची, मग चार-सहा हंगाम चव, वजन, टिकाऊपणा तपासायचा आणि त्यातली बहुतेक झाडं नापास करायची. नोकरीची अर्धी वर्षं एका आंब्यात जातात. आपण एका नावाच्या हट्टापायी तो आंबा चाखतही नाही, याचं मला वाईट वाटतं.

असो. कोकणात घर असलेली आपली बरीच नातेवाईक मंडळी हे वाचतात. या पावसाळ्यात परसात एखादं कलम लावायचं असेल, तर एक रत्नाचं लावा. हापूस आहेच की!