पाटणचा मठ आणि विचार करणारी यंत्रे

यंत्र विचार करू शकते काय, हा प्रश्न आज चहाच्या दुकानापासून विद्यापीठाच्या सभागृहापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. कोणी म्हणतो, यंत्र आता माणसाची जागा घेणार. कोणी म्हणतो, हे सारे थोतांड आहे. दोघांच्याही बोलण्यात एक समजूत समान असते. ती ही की, हा विषय सातासमुद्रापलीकडून आलेला असून आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या माणसाने त्याच्याकडे दुरूनच पाहावयाचे आहे. ही समजूत आम्हांस मान्य नाही. विचार म्हणजे काय, त्याचे नियम बांधता येतात काय, आणि नियमाने आलेले उत्तर निर्णय म्हणून केव्हा स्वीकारावे, या तीन प्रश्नांची चर्चा खानदेशच्या भूमीवर फार जुनी आहे. तिचा एक धागा चाळीसगावजवळच्या पाटणला सापडतो, दुसरा धुळ्यास. ते दोन्ही हाती धरून या नव्या यंत्रांकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चाळीसगावपासून काही कोसांवर, सातमाळ्याच्या डोंगराच्या कुशीत पाटण आहे. पाटणादेवीच्या दर्शनास जाणारे पुष्कळ. परंतु तेथील शिलालेखाची आठवण ठेवणारे थोडे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. तो इ. स. १२०७ मधला आहे. त्यात भास्कराचार्यांच्या कुळाची परंपरा दिली आहे. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपाल याने आपल्या पदरी नेले, आणि लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आपल्या आजोबांचे सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथ शिकविले जावेत म्हणून पाटण येथे मठ स्थापन केला, आणि तेथील निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्यास दान दिले. भास्कराचार्यांचे जन्मगाव कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि ते मिटविण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेत नाही. परंतु त्यांची विद्या शिकविणारी शाळा पाटणला स्थापन झाली, हे दगडावर कोरलेले सत्य आहे.

त्या शाळेत काय शिकवीत असतील? भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. त्यांतील दोन रीतींकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण आजच्या संगणकाचे मर्म त्यांत स्पष्ट दिसते.

पहिली रीत कुट्टकाची. ती भास्कराचार्यांपूर्वीची, आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथातही ती आहे. समजा, काही सुपाऱ्या आहेत. पाच-पाचांचे वाटे केले तर दोन उरतात, सात-सातांचे केले तर तीन उरतात. तर सुपाऱ्या किती? लहान संख्या असतील तर हुशार मुलगा अंदाजाने सतरा म्हणून सांगेल. पण पाच आणि सात यांच्या जागी ग्रहांच्या फेऱ्यांचे लाखांचे आकडे आले म्हणजे अंदाज संपतो. तेथे कुट्टक कामास येतो. कुट्टक म्हणजे कुटणारा. मोठ्या संख्येस लहानीने भागावे, उरलेल्या बाकीने पुन्हा त्या लहान संख्येस भागावे, आणि असे करता करता, उखळात धान्य कुटावे तसे ते आकडे बारीक करीत न्यावेत. मग उलट्या वाटेने उत्तर बांधून आणावे. या कृतीत प्रत्येक पायरीवर काय करावयाचे ते आधीच ठरलेले असते. करणाऱ्यास प्रतिभा लागत नाही. लागतो तो धीर आणि नीट हात.

दुसरी रीत चक्रवालाची. हिची मुळे जयदेव नावाच्या गणितीपर्यंत जातात. भास्कराचार्यांनी ती सुबोध करून मांडली. बीजगणितातले त्यांचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अशी कोणती वर्गसंख्या आहे की, तिला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा वर्गसंख्याच येते? प्रारंभ सोपा आहे. एकाचा वर्ग एक; त्यास ६१ ने गुणले तर ६१; त्यात ३ मिळवले तर ६४, म्हणजे आठाचा वर्ग. आपल्यास हवा होता १, मिळाले ३. आता पुढची पायरी. असा अंक निवडावयाचा की, तो आठात मिळवला असता बेरजेस तिनाने नि:शेष भाग जावा. १, ४, ७, १० हे सारे अंक चालतात. त्यांतला कोणता घ्यावा? नियम सांगतो, ज्याचा वर्ग ६१ च्या सर्वांत जवळ असेल तो. या चौघांच्या वर्गांचे ६१ पासूनचे अंतर अनुक्रमे ६०, ४५, १२ आणि ३९ येते. म्हणून सात घ्यावा. त्यावरून नवी जोडी मिळते: पाचाच्या वर्गास ६१ ने गुणून ४ वजा केले तर ३९ चा वर्ग येतो. उरलेले चार वजा चिन्हाचे असले म्हणजे ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या युक्तीने पुढची वाट लवकर सरते, आणि शेवटी उत्तर येते: पहिली संख्या २२,६१,५३,९८० आणि दुसरी १,७६,६३,१९,०४९. फ्रान्सच्या फर्मा याने १६५७ साली हाच ६१ चा प्रश्न आपल्या समकालीनांपुढे आव्हान म्हणून टाकला होता. तेव्हा भास्कराचार्यांचे उत्तर पाचशे वर्षांचे जुने झाले होते.

येथे सात निवडणे हा एक निर्णय आहे. चार अंकांतून एक घेतला, तीन सोडले. परंतु त्या निर्णयाची कसोटी इतकी स्वच्छ ठरली आहे की, तो कोणीही केला तरी तोच होईल. आज ज्याला संगणकाची बुद्धी म्हणतात तिचा पहिला प्रकार हाच. निवडीची कसोटी आधी शब्दांत बांधावयाची, मग ती निवड दुसऱ्या कोणाकडे किंवा कशाकडे सोपवावयाची.

मठातल्या विद्यार्थ्याचे साधनही ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या जुन्या गणितास पाटीगणित म्हणत, कारण ते पाटीवर, पुष्कळदा धूळ पसरलेल्या पाटीवर होई. जागा थोडी, म्हणून काम झालेला आकडा पुसावयाचा आणि त्याच जागी नवा लिहावयाचा. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितीने १९३६ साली आपल्या कल्पनेतले यंत्र रेखाटले ते जवळजवळ असेच होते. घरे पाडलेली एक लांब पट्टी, एका वेळी एका घराकडे पाहणे, तेथील खूण पुसणे किंवा लिहिणे, आणि ठरलेल्या नियमाप्रमाणे शेजारच्या घरात सरकणे. त्या काळी इंग्रजीत कॉम्प्युटर हा शब्द हिशेब करणाऱ्या माणसासच लावीत. ट्युरिंगने त्या कागद-पेन्सिलवाल्या माणसाच्या कृतीचे पृथक्करण केले आणि दाखवून दिले की, नियमाने होणारा कोणताही हिशेब असे यंत्र करू शकेल. भास्कराचार्यांनी संगणक शोधला, असा दावा कोणी केला तर तो आम्ही करू देणार नाही. पूर्वजांच्या पदरी नसलेले श्रेय घातल्याने त्यांचे खरे श्रेय झाकोळते. त्यांचे खरे श्रेय, निवडीलाही नियम देता येतो हे त्यांनी दाखविले, यात आहे.

पुढे ही पाटी विजेची झाली. आपल्याच मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी संगणक बांधावयास घेतला. त्याची लहान प्रतिकृती १९५६ साली चालू झाली, पूर्ण यंत्र १९६० साली. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव टिफरॅक असे ठेवले. सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचे ते यंत्र एक दालन व्यापीत असे, आणि त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९९१ साली परम हा महासंगणक तयार झाला. आज कोणाच्याही खिशातल्या दूरध्वनीची स्मृती टिफरॅकच्या लाखो पटींनी मोठी आहे. पाटी वाढली, पाटीवर काय लिहावे हा प्रश्न मात्र वाढत्या पाटीबरोबर अधिकच बिकट झाला.

त्याच १९५६ साली अमेरिकेत डार्टमथ येथे काही संशोधक एकत्र जमले आणि कृत्रिम बुद्धी हे नाव रूढ झाले. त्यांत हर्बर्ट सायमन होता. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तर्कशास्त्रातील सिद्धांत सिद्ध करणारा कार्यक्रम संगणकासाठी लिहिला होता. पण सायमनचे मोठे काम माणसाच्या निर्णयाविषयीचे आहे. त्यासाठी १९७८ साली त्यास अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे असे की, माणूस सर्व पर्याय तपासून सर्वोत्तम निवडतो ही पुस्तकी कल्पना आहे. माहिती अपुरी, वेळ थोडा, बुद्धी मर्यादित. म्हणून माणूस पुरेसा चांगला पर्याय सापडला की थांबतो. मृगाचा पाऊस झाल्यावर कपाशी लावावी की आणखी चार दिवस वाट पाहावी, याचा विचार करणाऱ्या आमच्या शेतकऱ्यास हे सायमनकडून शिकावे लागत नाही.

आता दुसरा धागा, धुळ्याचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे गावोगाव पायपीट करून, माळ्यावरची आणि पेट्यांतली दप्तरे धुंडाळून त्यांनी अशा खंडांची माळच उभी केली. १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यासच त्यांचा देह पडला आणि १९२७ साली तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांची विचारपद्धती भास्कराचार्यांच्या उलट दिशेने चालते. तेथे नियम आधी आणि उत्तर नंतर. येथे पुरावे आधी, आणि त्यांतून निष्कर्ष वर काढावयाचा. मात्र पुरावा मोजण्याआधी तो जोखावा लागतो. कागद केव्हाचा, लिहिणारा तेथे हजर होता काय, त्याचा स्वार्थ कोणता? एकाच बखरीच्या दहा नकला सापडल्या म्हणून साक्षीदार दहा होत नाहीत, तो एकच राहतो.

गेल्या काही वर्षांत गाजलेली यंत्रे या दुसऱ्या वाटेने चालतात. २०२२ च्या अखेरीस लोकांपुढे आलेली संभाषण करणारी यंत्रे घ्या. त्यांस व्याकरणाचे नियम कोणी शिकविलेले नसतात. अफाट मजकूर त्यांच्यापुढे ओतलेला असतो, आणि अमुक शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव किती, हे त्यांनी त्यांतून साधलेले असते. फळ थक्क करणारे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तरी राजवाड्यांच्या कसोटीने पाहिले तर एक शंका उरतेच. दहा नकलांस दहा साक्षीदार समजण्याचा धोका अशा यंत्रापाशी मोठा आहे; आणि ज्या बोलीत लिहिलेला मजकूर थोडा, त्या बोलीविषयी त्याचे ज्ञानही थोडे. आमची अहिराणी घराघरांत बोलली जाते, पण छापली जाते कितीशी? दप्तरात ज्याचा कागद नाही त्याची बाजू न्यायालयात पडते, तसाच हा प्रकार आहे.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांकडे पाहावे. हवामानावर आधारलेल्या फळपीक विमा योजनेत थंडी किंवा उष्णता यांची भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते. आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर पैसे मिळतात, न गेला तर नाहीत. यात सोय आहे. कोणाच्या हाती-पाया पडावे लागत नाही आणि निकाल लवकर लागतो. पण केंद्र एका गावी आणि बाग दुसऱ्या गावी असली, तर बागेतली केळ आणि केंद्रातला आकडा यांचे म्हणणे वेगळे पडू शकते. गारपिटीसाठी मात्र शेतकऱ्याने कळवावे आणि माणसाने पाहणी करावी, अशी तजवीज आहे. एकाच योजनेत नियमाचा निर्णय आणि डोळ्यांचा निर्णय शेजारी-शेजारी नांदतात. उद्या मर्यादेचा आकडाही शिकलेल्या यंत्राने ठरविला, तर अमुक का मिळाले नाही, या प्रश्नास उत्तर कोण देईल?

येथे आम्हांस पुन्हा भास्कराचार्यांकडे जावेसे वाटते. उत्तर येणे त्यांस पुरेसे वाटत नसे. गोलाध्यायात त्यांनी बजावले आहे की, उपपत्ती न जाणणाऱ्या गणिती माणसास विद्वानांच्या सभेत प्रतिष्ठा मिळत नाही आणि त्याचा स्वतःचाही संशय फिटत नाही. उपपत्ती म्हणजे उत्तर असेच का, याची फोड. यंत्र विचार करते की नाही यावर तत्त्वज्ञ भांडत राहोत. सामान्य नागरिकास त्याहून उपयोगी कसोटी ही आहे: या निर्णयाची उपपत्ती मिळते काय, आणि ती देण्यास बांधलेला कोणी माणूस आहे काय? कर्ज, विमा, नोकरी, शिक्षा, औषध, ज्या ज्या निर्णयाने दुसऱ्याचे आयुष्य बदलते तेथे ही मागणी सोडता कामा नये. यंत्राने हिशेब करावा, पुरावे चाळावे, सल्लाही द्यावा. पण सभेत उभे राहून उत्तर देण्याची जबाबदारी माणसावरच राहिली पाहिजे.

अशी मागणी करणारी सभा मात्र आयती मिळत नाही. पाटणच्या त्या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात मठाच्या खर्चाची तरतूद सांगितली आहे. राजाचे दान होतेच. शिवाय बाजारातल्या व्यवहारांवर काही हिस्सा आणि तेलाच्या घाण्यांमागे तेल, अशी बांधणी होती. म्हणजे ग्रहांचे गणित गावच्या तेल्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या वाट्यावर चालले होते. विद्या मठात शिकविली गेली, तरी तिचा दिवा बाजाराच्या तेलाने तेवत होता. आज शाळांत गणिताचे शिक्षक टिकविणे, अहिराणीचे शब्द आणि जुनी दप्तरे जतन करणे, यंत्रांविषयी सरकारला आणि कंपन्यांना निर्भयपणे प्रश्न विचारणे, हा आपल्या वाट्याचा घाणा आहे. तो चालू ठेवण्याचे काम खानदेशच्या गावांनी आपल्याकडे घ्यावे, अशी आमची विनंती आहे.