अफवेच्या आलेखाचं कूळ

एखादी खोटी बातमी मोबाइलवरून कशी पसरली, हे दाखवणारा आलेख आता वर्तमानपत्रांतही छापून येतो. आधी जमिनीलगत सरपटणारी रेघ, मग एकाएकी उभी चढण, शिखर आणि उतार. समाजमाध्यमांचा अभ्यास करणारे संशोधक लाखो संदेश संगणकाला देऊन तो काढतात, त्यामुळे त्यामागचं गणितही इंटरनेटच्याच वयाचं असावं, असं वाटतं. पण त्या रेघेचं कूळ शोधत मागे गेलं, की आपण प्लेगच्या मुंबईत पोचतो.

17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906 या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, याची नोंद झालेली होती. वीस वर्षांनी ते आकडे एडिंबरातल्या दोन माणसांच्या हाती होते. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर संस्थेचे माजी संचालक. विल्यम केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. 1924 साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली तेव्हा ते विशीत होते. पुढचं सगळं काम त्यांनी दृष्टीविना केलं. या दोघांचा 1927 सालचा निबंध म्हणजे आजच्या साथगणिताचा पाया. कोरोनाच्या काळात रोज कानावर पडणारी भाकितं याच घराण्यातली.

त्यांची मांडणी साधी आहे. लोकसंख्येचे तीन भाग करायचे: लागण होऊ शकेल असे, लागण झालेले, आणि बरे होऊन किंवा मरून साथीतून बाहेर पडलेले. पहिल्या दोन गटांतली माणसं एकमेकांना भेटतात आणि रोग पुढे सरकतो. यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, साथ ओसरते ती सगळ्यांना लागण झाली म्हणून नव्हे. नव्या माणसांची गाठ पडणं विरळ होत गेल्यावर ती आपोआप ओसरते, आणि काही माणसं शेवटपर्यंत सुटी राहतात. दुसरी, साथीला उंबरठा असतो. लोकवस्तीची दाटी ठरावीक पातळीच्या खाली असेल तर रोग आला तरी साथ पेट घेत नाही. पडताळा म्हणून त्यांनी मुंबईचे आकडे घेतले. त्यांची रेघ आठवड्याला सुमारे 900 मृत्यूंच्या शिखरापर्यंत चढली आणि उतरली, आणि प्रत्यक्षातले ठिपके तिच्या अगदी जवळ पडले.

माझ्या मते या कुळकथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच आहे, आणि पाठ्यपुस्तकं ती घाईने ओलांडून जातात. हे समीकरण माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगाचं होतं. मुंबईतला गाठींचा प्लेग मुख्यतः उंदरांच्या पिसवांमुळे पसरत होता. ज्या काळातले हे आकडे आहेत, त्याच काळात परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाचे लोक पिसवांचे प्रयोग करून तेच सिद्ध करत होते. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनाही हे ठाऊक होतं. माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची पडछाया आहे, हे त्यांनी निबंधात नोंदवलं आणि जुळणी ढोबळच मानावी असं सुचवलं. पुढे निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने त्या आकड्यांची फेरतपासणी केली आणि दरवर्षी येणाऱ्या त्या चढउतारामागे ऋतूचा हात असल्याचं दाखवलं. म्हणजे रेघ जुळली, पण ज्याच्यामुळे माणसं मरत होती तो उंदीर समीकरणात नव्हताच.

मुंबईत प्लेग आला 1896 साली, आणि त्याच्या पाठोपाठ अफवा आली. इस्पितळात नेलेल्या माणसांना मारून त्यांच्या अंगातून मोमियाई, म्हणजे औषधी तेल, काढतात, अशी बोलवा उठली. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. तेल काढण्याची गोष्ट खोटी होती. पण घराघरांत शिरून होणारी झडती, रोग्याला सक्तीने उचलून नेणं, नेलेल्यांपैकी कितीतरी जण परत न येणं, हे सगळं खरं होतं. प्लेगने गेलेल्यांची गणती झाली. अफवा किती जणांच्या तोंडून गेली, याची गणती करावी असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल.

अफवा गोळा करून त्यांचा शास्त्रीय अभ्यास करण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत एका भारतीयाचं नाव आहे, आणि ते आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. 15 जानेवारी 1934 रोजी बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले. त्यानंतर उठलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी टिपून ठेवल्या आणि 1935 साली ब्रिटनच्या मानसशास्त्राच्या नियतकालिकात त्यांच्यावर निबंध लिहिला. धक्का तर बसला, पण फारसं काही पडलं नाही, अशा ठिकाणीही अफवा भयंकर होत्या: पाटण्यावर वादळ येणार, ग्रहणाच्या दिवशी आणखी मोठा धक्का बसणार. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर तसाच अभ्यास केला, तर जिथे नाश समोर दिसत होता तिथे असल्या अफवा त्यांना आढळल्या नाहीत. हे कोडं अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर यांच्या हाती पडलं. त्यांचं उत्तर असं: माणूस हादरलेला असतो, पण भोवताली हादरण्याजोगं काही दिसत नाही, मग मनातल्या भीतीला साजेसं कारण तो बाहेर शोधतो, आणि अफवा ते पुरवते. फेस्टिंगर यांच्या ज्या सिद्धान्ताने विसाव्या शतकाचं मानसशास्त्र घडवलं, त्याच्या उगमाशी हा बिहारचा भूकंप आहे. मुंबईच्या समीकरणातून सुटलेला उंदीर इथे भीतीच्या रूपाने पहिल्यांदा हाती लागला, असं मला वाटतं.

गणित मात्र वेगळ्या वाटेने चाललं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर छोट्या गावांवर विमानातून पत्रकं टाकून मजकूर तोंडोतोंडी किती जातो, हे मोजून झालं. मग 1964 साली ‘नेचर’मध्ये डॅरिल डेली आणि केंब्रिजचे प्राध्यापक डेव्हिड केंडल यांनी साथ आणि अफवा यांची गणितं शेजारी मांडली. गट पुन्हा तीनच: न ऐकलेले, सांगत सुटलेले आणि गप्प झालेले. फरक शेवटच्या गटात आहे. रोगी काही काळाने बरा होतो किंवा मरतो; त्यासाठी त्याला कुणाला भेटावं लागत नाही. अफवा सांगणारा गप्प होतो तो समोरच्याकडून ‘हे मला कधीच कळलंय’ असं ऐकल्यावर. एवढ्याशा बदलाने निष्कर्ष फिरला. साथीला उंबरठा असतो, पण या गणितातल्या अफवेला उंबरठाच नाही. ती वाट काढतेच. आणि वस्ती लहान असो वा मोठी, अखेरीस सुमारे 20 टक्के लोकांपर्यंत ती कधीच पोचत नाही.

त्यानंतरची चाळीस वर्षं भराभर ओलांडता येतील. या गणितात कुणीही कुणालाही भेटू शकत होता. खऱ्या समाजात काहींना हजार ओळखी असतात, बहुतेकांना मोजक्या. ओळखींचं जाळं गणितात आलं, मग इंटरनेट आलं आणि कोण कुणाला काय पाठवतो याची नोंद आपोआप होऊ लागली. 2018 साली ‘सायन्स’मध्ये एमआयटीच्या तिघांचा अभ्यास आला: 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे 1,26,000 गोष्टी, त्या फिरवणारे तीसेक लाख लोक. खोटी बातमी खऱ्यापेक्षा दूर, वेगाने आणि खोलवर गेलेली दिसली. खोट्याची फांद्या फुटण्याची तऱ्हाच निराळी, असा त्याचा अर्थ लावला गेला. 2021 मध्ये योनास यूल आणि योहान उगंदर यांनी तीच माहिती पुन्हा उघडली. सारख्याच आकाराच्या खऱ्या आणि खोट्या लाटा समोरासमोर ठेवल्यावर आकृतीतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. खोट्याची चाल खऱ्यासारखीच होती, फक्त एकाकडून दुसऱ्याला लागण्याची शक्यता थोडी जास्त. तेवढ्या थोड्यातूनच लाट मोठी होते. मला हा निष्कर्ष आशेचा वाटतो, कारण मग प्रत्येक टप्प्यावर थोडासा अडसरही पुष्कळ काम करू शकतो.

असा अडसर आपल्या हातातल्या फोनमध्ये आला, त्यामागे धुळे जिल्हा आहे. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. पिढ्यान्पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारी ही माणसं. त्या वर्षी देशभर मुलं चोरणाऱ्या टोळ्यांचे संदेश फिरत होते. त्यांतली एक चित्रफीत मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली होती; मोटारसायकलवरून पळवलेलं मूल शेवटी परत आणतात, तो भाग कापून ती पुढे ढकलली गेली. राईनपाड्यानंतर केंद्र सरकारने व्हॉट्सअॅपला जाब विचारला. त्याच महिन्यात पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण उमटू लागली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर झाली. इतर देशांत ती वीस होती. जानेवारी 2019 मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल 2020 पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ लागला.

पाचाने काय साधलं, याचा शोध पुन्हा त्या जुन्या समीकरणानेच घेतला गेला. ब्राझीलच्या मिनास जेराइस विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआयटीच्या किरण गरिमेल्ला यांच्यासोबत 2019 साली साथीच्याच धर्तीचं गणित मांडलं. भारत, ब्राझील आणि इंडोनेशियातल्या खुल्या ग्रुपांत फिरलेल्या चित्रांपैकी सुमारे 80 टक्के चित्रं दोन दिवसांत विझतात, असं त्यांना दिसलं. मर्यादा घातली की प्रसार बराच मंदावतो, पण ज्याला जबर ओढ आहे असा संदेश थांबत नाही.

ही ओढ कुठून येते, हे समीकरण सांगत नाही. गरिमेल्ला आणि डीन एकल्स यांनी 2019 च्या लोकसभा निवडणुकीआधी राजकीय ग्रुपांतली चित्रं तपासली, तेव्हा सुमारे 13 टक्के चित्रं खोटी ठरलेली निघाली, आणि त्यांत जुनीच चित्रं नव्या प्रसंगाला जोडलेली पुष्कळ. ती का पाठवली गेली, हे ग्रुपबाहेरून कळत नाही. घरगुती ग्रुप तर कुलूपबंदच असतात. म्हणून गरिमेल्ला आणि त्यांचे सहकारी आता लोकांकडे जाऊन, संमती घेऊन, नावं झाकून ग्रुपांतला मजकूर अभ्यासासाठी देणगी म्हणून मागत आहेत. जमुना प्रसाद यांनी लोकांच्या तोंडच्या अफवा टिपल्या, त्याला आता नव्वद वर्षं झाली. संशोधक पुन्हा माणसांकडे जाऊन विचारू लागले आहेत, आणि माझ्या दृष्टीने या विद्येने टाकलेलं हे फार गरजेचं पाऊल आहे.