धनुष्याचा पावसाळा

१/
दसऱ्याला शमीच्या झाडाची कथा घरोघर सांगितली जाते. अज्ञातवासात शिरण्यापूर्वी पांडवांनी शस्त्रे शमीवर लपवली आणि वर्ष सरल्यावर ती खाली काढली. या कथेतील एक बारीक तपशील मात्र सांगणाऱ्यांच्या तोंडून बहुधा गळून जातो. विराटपर्वानुसार शस्त्रे झाडावर चढवण्याआधी पांडवांनी आपापल्या धनुष्याची दोरी उतरवली. मग नकुल झाडावर चढला आणि पावसाचे पाणी पोहोचणार नाही अशी जागा पाहून त्याने ती धनुष्ये घट्ट बांधून ठेवली.

२/
लोकांनी झाडाजवळ फिरकू नये म्हणून टांगलेले प्रेत सर्वांना आठवते. उतरवलेली दोरी कोणाला आठवत नाही. ज्यांच्यासाठी ही कथा प्रथम रचली गेली त्यांना मात्र तिचे महत्त्व सांगावे लागत नसावे. वर्षभर दोरी चढवून ठेवलेले गांडीव अर्जुनाच्या हाती आले असते, तर उत्तर-गोग्रहणाची लढाई वेगळीच झाली असती.

३/
कारण साधे आहे. दोरी चढवलेले धनुष्य विश्रांती घेत नसते. त्याच्या पोटाकडील तंतू दाबले जात असतात, पाठीकडील ताणले जात असतात. काही तास हे चालते. आठवडे गेले की लाकूड तोच बाक कायमचा धरते आणि बाण फेकण्याचा जोर हरवते. त्यात दमट हवेची भर पडली की ऱ्हास वेगाने होतो. तलवार म्यानात पडून राहिली तर गंजते आणि घासून पुन्हा उजळते. धनुष्याची गेलेली ताकद परत येत नाही.

४/
कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांची धनुष्ये सांगितली आहेत. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग यांच्या जोडीला बांबू व स्नायू यांचीही नावे येतात. बांबूची दोरी लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुढे परत यायचे आहे.

५/
त्याच प्रकरणात साठवणुकीचा नियम आहे. शस्त्रांच्या जागा वारंवार बदलाव्यात, त्यांना ऊन व वारा दाखवावा. उष्णता, ओल किंवा कीड यांनी जे बिघडू लागले असेल ते निराळ्या प्रकारे ठेवावे. यात एकही शब्द शौर्याचा नाही. हे कोठीच्या कारभाऱ्याचे लिखाण आहे, म्हणूनच ते विश्वसनीय वाटते. गंमत अशी की इंग्लंडमध्ये १५४५ साली रॉजर ॲस्कम याने धनुर्विद्येवरील आपल्या ग्रंथात जवळजवळ हेच लिहिले: धनुष्याची पेटी दगडी भिंतीला लागून नको, ओल धरते, आगीजवळही नको, ठिसूळ होते.

६/
आता वैजापूरकडे वळू. मराठवाड्याच्या पश्चिम टोकाचा हा तालुका. दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला कन्नडच्या बाजूस सातमाळ्याचे डोंगर, पूर्वेला देवगिरी. पाऊस येथे बेताचाच. पण मे महिन्यातील कोरडी भाजणारी हवा आणि जुलैतील ओल यांत जो फरक पडतो, तो लाकूड, शिंग आणि सरस यांना सोसवत नाही. दख्खनच्या सैन्यांचे वर्षही याच फरकाने दुभंगलेले असे. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन. म्हणजे धनुष्याच्या दोन वापरांमधला सर्वांत मोठा काळ हा नेमका त्याच्यासाठी सर्वांत वाईट ऋतू होता.

७/
मोगलांनी १६३३ साली दौलताबाद घेतले, तेव्हा त्यांच्या घोडेस्वारांचे आवडते शस्त्र होते संयुक्त धनुष्य. मध्ये लाकूड, धनुर्धराकडील अंगाला म्हशीचे शिंग, बाहेरच्या अंगाला जनावरांचे स्नायुतंतू, आणि हे सारे धरून ठेवणारा सरस. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतो. त्यामुळे घोड्यावरून सहज वापरता येईल इतके आखूड धनुष्यही प्रचंड जोराने बाण फेकते. माणसाने हाताने बनवलेल्या यंत्रांत याला फार वरचे स्थान द्यावे लागेल.

८/
त्याचे दुखणेही त्या सरसातच होते. सरस पाण्यात विरघळतो आणि दमट हवेत मऊ पडतो. म्हणून अशा धनुष्यावर रोगणाचे थर असत, त्याला गवसणी असे. काम संपताच चिल्ला, म्हणजे दोरी, उतरवला जाई. चिल्ला उतरला की चांगले संयुक्त धनुष्य उलट्या बाजूला वळते आणि जवळजवळ वर्तुळाकार होते. पुन्हा चढवताना ते आधी मंद उबेवर हलके गरम करावे लागे, भुजा पिळल्या तर गेल्या नाहीत ना हे पाहावे लागे. घाईने, थंड असताना चढवले तर शिंग तडकते. एवढे लाड पुरवायला घरात जाणते हात हवेत. धनिकांच्या कोठीत ते असत. सामान्य शिपायाकडे असतीलच असे नाही.

९/
यावर हिंदुस्थानातील कारागिरांनी काढलेला तोडगा जगात इतरत्र क्वचितच दिसतो: संपूर्ण पोलादाचे धनुष्य. आकार हुबेहूब संयुक्त धनुष्याचा, काहींवर सोन्या-चांदीची कोफ्तगिरी, काही तर मुठीपाशी आटे फिरवून दोन तुकडे करता येणारी. पोलाद जड असते; त्याच्या भुजा स्वतःच सावकाश हलतात, त्यामुळे तेवढ्याच ताकदीने ओढलेला बाण शिंगाच्या धनुष्याइतका वेगाने सुटत नाही. मग ते बनवले कशाला? अभ्यासकांचे सर्वसाधारण उत्तर असे की ते कोठारात वर्षानुवर्षे पडून राहिले तरी चालत असे. तेलाचा हात फिरवला की झाले. ओलीचा आणि किडीचा प्रश्नच नाही. युद्धातील गुण थोडा सोडून साठवणुकीतील गुण विकत घेतला गेला. हा सौदा मूर्खपणाचा मुळीच नव्हता.

१०/
कोठारातील काळजी ही केवळ धनुष्यापुरती नव्हती. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य किल्ल्यांविषयी सांगतात की पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, आणि दारू, बाण वगैरे आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून ऊन देऊन पुन्हा मोहोरबंद ठेवावे. येथील बाण म्हणजे तिरकमठ्याचा तीर नव्हे, तर दारू भरलेला अग्निबाण. शस्त्रे बदलली, शत्रू तोच राहिला, ओल.

११/
आता ती बांबूची दोरी. वैजापूर, कन्नड आणि पलीकडे खानदेश या पट्ट्यात भिल्लांची वस्ती जुनी आहे. भिल्लांचा कमठा बांबूचा, आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीच्या चिवट पट्टीची. एकोणिसाव्या शतकातील नोंदींत या दोरीचे वर्णन येते. पाहणाऱ्याला ती गरिबीची खूण वाटते. प्रत्यक्षात ती कौटिल्याच्या यादीतील दोरी आहे, आणि मोठ्या अकलेची आहे. स्नायूची तात ओली झाली की ढिली पडते. बांबूच्या बाहेरच्या सालीला निसर्गतःच गुळगुळीत, पाणी सहजी न धरणारा थर असतो.

१२/
बांबूचा खरा वैरी कीड. बांबूच्या पोटातील पिठूळ अंश तिला आवडतो. म्हणून बांबू कधी तोडायचा याचे नियम गावोगाव पाळले जातात, वद्य पक्ष निवडला जातो, तोडलेला बांबू पाण्यात मुरवला जातो. पुढचे काम चूल करते. आढ्याला टांगलेल्या बांबूवर रोजचा धूर बसत राहतो, तो सुका राहतो आणि किडीला नकोसा होतो. दोरीचा फास एका टोकाकडून सरकवला की कमठा पुन्हा साधी काठी. गवसणी नको, कोठीचा कारभारी नको. आणि मोडलाच, तर नवा बनवण्याचे सामान रानात उभे असते.

१३/
हे साधे शस्त्र सत्तेला साधे वाटले नाही. इंग्रजांनी १८२५ साली जेम्स औट्रमच्या हाताखाली खानदेश भिल्ल पलटण उभारून भिल्लांच्या हाती सरकारी बंदूक दिली. तरीही ४ ऑक्टोबर १८५७ रोजी गोदावरीपलीकडे नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री मारला गेला. पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्यातील शस्त्रांच्या व्याख्येत तोफा, बंदुका, तलवारी यांच्या पंक्तीला धनुष्यबाणही स्पष्ट शब्दांत आहेत. वैजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे हा ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा शेजारच्या येवल्याला लागू आणि सीमेच्या अलीकडे नाही, असा विचित्र प्रकार घडला.

१४/
संयुक्त धनुष्य बनवणारे कमानगर बंदुकीपुढे टिकले नाहीत आणि त्यांच्यासोबत धनुष्य सांभाळण्याची विद्याही गेली. तिच्या अभावाचा पुरावा जगभरच्या संग्रहांत दिसतो: दोरी उतरल्यावर ज्या बाजूला धनुष्य वळते, त्याच बाजूला दोरी बांधून मांडलेली, म्हणजे उलटी चढवलेली जुनी धनुष्ये. मांडणाऱ्याला तो बाक स्वाभाविक वाटला. काहींची शिंगे त्यातच उकलली.

१५/
एखाद्या जुन्या वाड्यात खंडेनवमीच्या पूजेला असे धनुष्य आजही निघू शकते. ते ओढून पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. शंभर-दोनशे वर्षे वाळलेला सरस आणि कडक झालेला स्नायू एका ओढीत सुटतो. पोलादी धनुष्याच्या आतील जुनी भेगही बाहेरून दिसत नाही, आणि तुटलेली भुजा तोंडावर येते. त्याला दोरी चढवू नये, पाण्याने पुसू नये, तेल फक्त पोलादाला लावावे. सुती कापडात गुंडाळून, दोन-तीन ठिकाणी आधार देऊन, भिंतीपासून दूर आडवे ठेवावे. आणि जुलै-ऑगस्टमध्ये अधूनमधून उघडून पाहावे.