धुक्यातील दिवा व समोरचा प्रवासी

मोटारगाडीच्या दिव्याचा इतिहास सामान्यतः वाढत्या प्रकाशाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तेलाचा दिवा, कार्बाइड व पाणी यांच्या संयोगातून निघणाऱ्या अ‍ॅसिटिलीन वायूवर जळणारा दिवा आणि विजेचा दिवा, हे त्याचे टप्पे होत. परंतु या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. ती प्रकाशाला आवर घालण्याची आहे. चालकास वाट दिसावी आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत, या दोन गरजांचा मेळ घालताना सौजन्याचा भार क्रमाक्रमाने यंत्रावर व कायद्यावर कसा गेला, हे पाहणे उद्बोधक ठरते.

१९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेचे दिवे व विजेवर गाडी सुरू करण्याची सोय एकत्र आली. प्रकाश प्रखर झाला, तसा दिपण्याचा प्रश्नही तीव्र झाला. १९१५ साली अमेरिकेतील गाइड लॅम्प कंपनीने झोत खाली वळविता येईल असा दिवा काढला. पण त्यासाठी चालकास गाडीतून खाली उतरावे लागे. इतके कष्ट घेऊन पाळावयाचे सौजन्य विरळाच आढळणार! १९१७ च्या कॅडिलॅकमध्ये हेच काम बसल्या जागी एका दांडीने होऊ लागले. पुढे एकाच बल्बमध्ये दोन तंतू आले, आणि १९५७ मध्ये यूरोपात असममित झोत प्रचारात आला. तो समोरच्या वाहनाच्या बाजूस आखूड व आपल्या कडेस लांब पडतो.

धुक्यात मात्र या सर्व सुधारणा अपुऱ्या पडतात. उंच झोताचा प्रकाश जलकणांवरून परतून चालकाच्याच डोळ्यांवर येतो. म्हणून धुक्याचा दिवा खाली बसवितात आणि त्याचा झोत रुंद व वरच्या कडेस स्पष्ट कापलेला ठेवतात. तो किंचित वर कलला तरी त्याचे प्रयोजन नष्ट होते. साध्या खालच्या झोताचा उतारही १० मीटर अंतरावर सुमारे १० ते १५ सेंटीमीटर इतकाच असतो. उलट एका अंशाचा फरक तेवढ्याच अंतरावर सुमारे १७ सेंटीमीटरांचा होतो. मागे जड सामान भरल्याने गाडीचे नाक थोडे उचलले गेले, तरी निर्दोष दिवा दुसऱ्यास त्रासदायक ठरतो तो यामुळेच.

मागील धुके-दिव्याचा प्रश्न आणखी नाजूक आहे. साध्या मागील दिव्याची तीव्रता थोड्याच कँडेलांची असते. धुके-दिव्याची किमान १५० कँडेला असावी लागते. दाट धुक्यात जो प्रकाश जीव वाचवितो, तोच निरभ्र रात्री मागच्या चालकास पीडा देतो व ब्रेकचा दिवा झाकून टाकतो. म्हणून कायद्याने अंतराची मोजमापे ठरविली. ब्रिटनमध्ये दृश्यता साधारणतः १०० मीटरांहून कमी झाल्याखेरीज धुक्याचे दिवे लावण्यास मनाई आहे. जर्मनीत मागील दिव्यासाठी ही मर्यादा ५० मीटर आहे. तेथे सरळ रस्त्यांच्या कडेचे खुंट ५०-५० मीटरांवर असल्याने चालकास मोजपट्टी आयतीच मिळते.

भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी झोताच्या कलाची कसोटी घातली : दिव्यापासून ८ मीटर अंतरावर व जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसास तो दिपवू नये. ही उंची गाडीची नव्हे, माणसाच्या डोळ्यांची आहे. पावसाळ्यात खंडाळा वा आंबोलीच्या घाटातून धुक्यात गाडी हाकणारास या नियमाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तथापि नियम व यंत्र यांची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. आज पुष्कळ गाड्यांत मुख्य झोत आपोआप खाली होतो. धुक्याचा दिवा मात्र बहुधा चालकाच्याच हातावर अवलंबून असतो. तो लावण्याची आठवण धुकेच करून देते. ते विरल्यावर तो मालविण्याची आठवण मात्र दुसरे कोणी करून देत नाही. १९१५ साली गाडीतून उतरणाऱ्या चालकाकडून ज्या सौजन्याची अपेक्षा होती, त्याचा एवढा अंश यंत्राने अद्याप आपल्याकडे घेतलेला नाही.